दहा श्रेयांकांची वाचनयादी

टेबलावर सत्तेचाळीस अर्ज होते, कॉफीचे पाच पेले आणि टोरगुनच्या विणकामाच्या लोकरीचा एक गुंडा. आंतरराष्ट्रीय सुरक्षा धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात जागा वीस. एकोणीस नावं ठरली होती. प्रवेश समितीत आम्ही पाच जण. मी विद्यार्थ्यांची प्रतिनिधी, आणि भौतिकशास्त्र शिकलेली एकटीच.

विसाव्या जागेसाठी एइलिव्हचा अर्ज निघाला तशी टोरगुन उठली. अणुचाचणीबंदी हा तिचा तीस वर्षांचा विषय. कुणी चोरून स्फोट केला तर तो भूकंपाच्या नोंदींतून कसा ओळखायचा, हे ती सरकारला सांगत आली आहे. त्या नोंदी वाचता येणारा विद्यार्थी ती सहा वर्षं शोधत होती. एइलिव्हला त्या वाचता येत होत्या, पण गेल्या उन्हाळ्यात तो तिच्याच हाताखाली काम करून गेला होता. अशा वेळी आमच्याकडे बाहेर जावं लागतं, अर्जाबद्दल अवाक्षर न काढता. गुंडा काखेत मारून ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

अध्यक्ष हाल्वारने अर्जातल्या श्रेयांकांवर बोट ठेवलं. सामाजिक शास्त्रांचे ऐंशी श्रेयांक लागतात, याचे सत्तरच. ‘स्फोट आणि करार’ हा त्याने शिकलेला दहा श्रेयांकांचा विषय भूगर्भशास्त्र विभागाचा, तेव्हा तो धरायचा नाही.

मी म्हटलं, विभागाचं नाव नियमात नाहीच. वाचनयादीतली निम्म्याहून जास्त पानं सामाजिक शास्त्रांची असली की विषय धरला जातो.

"मग मोज," हाल्वार म्हणाला. "चित्रं सोडून. तुम्हा भौतिकवाल्यांना आलेख दिसला की भूक लागते."

"नकाशे, आलेख, तक्ते, सगळे वगळते. दोन्हीकडचे. चालेल?"

"एक वाजेपर्यंत वेळ आहे तुला."

चार पुस्तकं आणि लेखांचा एक गठ्ठा ग्रंथालयातून उचलून शेजारच्या रिकाम्या खोलीत नेला. साडेअकराला सगळे डबे उघडून बसले; मी चीज लावलेला पाव एका हातात धरून पानं उलटत राहिले. कराराच्या परिशिष्टात स्फोट टिपणाऱ्या केंद्रांची एकवीस पानी यादी होती. नुसते तक्ते. सामाजिक शास्त्रांची एकवीस पानं जात होती, पण ती वगळली. दोनदा मोजलं, एका पानाचा फरक आला. तिसऱ्यांदा मोजलं.

पुस्तकं घेऊन समितीकडे परत जाताना पाहिलं, टोरगुन बाकावरच होती. विणायला घेतलेली बाही कोपरापर्यंत आली होती. मी तोंड उघडलं.

"काही सांगू नकोस," ती मान वर न करता म्हणाली. "नाहीतर तुलाही इथे बसावं लागेल, आणि माझ्याकडे सुयांचा एकच जोड आहे."

एकला दहा मिनिटं कमी असताना मी कागद हाल्वारपुढे ठेवला. त्याने चष्मा लावला, सगळ्यात जाड पुस्तक ओढून त्याची पानं स्वतः मोजली आणि माझ्या आकड्याखाली सही केली.

एकूण पानं ७६२, म्हणजे निम्मी ३८१. सामाजिक शास्त्रांची ३९४.