थोरलीच्या हातातलं घड्याळ

आठ दिवस वापरून बघा, पटलं तर ठेवा, नाही तर डबीसकट परत आणा, असं दुकानदार म्हणाला होता. धाकट्या काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की हे परतच जाणार.

"ज्या घड्याळाला दिवसाआड वायर लावून खायला घालावं लागतं ते घड्याळ कसलं, तो पाहुणा झाला," त्या म्हणाल्या. "माझं भिंतीवरचं बघा. वर्षातून एकदा सेल मागतं आणि बाकी वेळ गप्प आपलं काम करतं. आणि ह्याला वेळ विचारायची तर आधी हात झटकायचा, जसं काही झुरळच चढलंय अंगावर."

काकूंना बहात्तरावं चालू होतं, तरी सगळी गल्ली त्यांना धाकट्या काकूच म्हणायची. कारण थोरली वेगळी होती. थोरल्या जाऊबाई. दोघींचे नवरे गेले तेव्हा दोघी जावांनी तळमजल्याच्या दोन खोल्या घेतल्या. मागे राहायचं, पुढे शिवायचं. पुढच्या खोलीत तीन मशीनी, कापायचं लांब टेबल, इस्त्री आणि पुतळा. थोरली एकोणसत्तराव्या वर्षी गेली, त्याला चार वर्षं झाली, पण काकूंना धाकटी म्हणायचं कुणी सोडलं नाही, आणि काकूंनीही कुणाला सोडू दिलं नाही.

घड्याळाचं खूळ लेकीचं. एक दिवस काकू टेबलापाशी चक्कर येऊन पडल्या. काकूंच्या मते त्या नुसत्या खाली बसल्या होत्या. पण काज-बटणं करायला येणाऱ्या बाईने ते बसणं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि लगेच लेकीला फोन लावला होता. लेक वीस मिनिटांच्या अंतरावर राहायची. आली, आईकडे बघितलं, खोलीकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी हे घड्याळ घेऊन आली.

"आठ दिवस मनगटावर ठेव," ती म्हणाली. "तुझे ठोके, तुझी झोप, सगळं माझ्या फोनवर दिसेल. ठीक असलं तर घड्याळ विकत घेऊ आणि तू राहा खुशाल इथे. ठीक नसलं तर मी कुलूप घालीन आणि तुला घरी नेईन. मग रडायचं नाही."

"मी कधी रडले होते?"

"म्हणूनच भीती वाटते."

आता शिवणाऱ्या बाईच्या डाव्या मनगटावर जागा कुठे असते? तिथे टाचण्यांची उशी. उजव्या हातात कात्री, आणि कात्रीच्या हाताला काही बांधलं की ते तलम कापडात अडकून धागे ओढणार. तरी काकूंनी दोन दिवस ते उजव्या हाताला बांधलं. पहिल्या दिवशी घड्याळ दोनदा थरथरलं आणि दोन्ही वेळा लेकीचा फोन आला. "आई, ठोके चुकतायत. बस जरा." दुसऱ्या दिवशी चारदा. संध्याकाळी लेक फोनवर हळू आवाजात म्हणाली, "मी पुढच्या रविवारी गाडी घेऊन येते. कपडे भरून ठेव."

काकूंनी फोन ठेवला आणि काज-बटणवालीकडे वळल्या. "तुझा हात दे गं जरा. तुझं काळीज चांगलं ठणठणीत आहे."

"नको बाई," ती म्हणाली. "माझ्या छातीत काय चाललंय ते तुमच्या लेकीला कशाला कळवू? नवऱ्याला सुद्धा कळू दिलं नाही मी."

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंना एक घेरदार झगा कापायचा होता. त्यांनी घड्याळ सोडलं, आणि टेबलावर ठेवलं तर कापडाखाली जाईल म्हणून जवळच्या पुतळ्याच्या हाताला बांधलं.

हा पुतळा दुकानातला नव्हता. थोरलीने स्वतःच्या अंगाभोवती कागदाच्या पट्ट्या गुंडाळून घेतल्या होत्या, काकूंनी त्या खळीने चिकटवल्या होत्या, सुकल्यावर पाठीकडून कापून तिला बाहेर काढलं होतं, आणि आत शिवणाच्या चिंध्या ठासून वरून कापड चढवलं होतं. डोकं नाही, पाय नाहीत, खाली लोखंडी दांडा. बाही बसवून बघायला एकच हात, डावा. पण उजवा खांदा जरासा उतरता, तो थेट थोरलीचा. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकं दचकायची. नंतर सवय झाली.

झगा कापून झाला, काकू घड्याळ सोडायला गेल्या, आणि बघतात तर काचेवर हिरवा उजेड लुकलुकत होता. खाली आकडा. चौसष्ट.

त्यांनी चष्मा पुसला. पासष्ट. परत चौसष्ट.

तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, आज अगदी छान आहे गं. एकदाही चुकलं नाही. गोळी घेतलीस वाटतं वेळेवर."

काकूंच्या ओठांवर खरं आलं होतं. पण समोर टेबल होतं, खडूच्या रेघा होत्या, चाळीस वर्षांची कात्री होती. "हो," त्या म्हणाल्या, "घेतली."

त्या दिवसापासून घड्याळ पुतळ्याच्या हातात राहिलं. काकूंनी मनाची समजूत घालायला घड्याळवाल्याकडे एक चक्कर मारली. सरळ कसं विचारणार? म्हणाल्या, माझ्या मैत्रिणीने ते उशीला बांधलं तर ठोके दाखवतं म्हणे. तो हसला. "काकू, ते उजेड टाकतं आणि परत आलेला उजेड मोजतं. उशीला बांधा, पावाला बांधा, काहीतरी आकडा दाखवणारच. यंत्र आहे ते, त्याला काय कळतंय."

काकूंचा जीव भांड्यात पडला. येताना त्यांनी स्वतःसाठी एक बिस्किटाचा पुडाही घेतला.

पण पाचव्या दिवशी लेक म्हणाली, "दुपारी एक ते अडीच झोपतेस ना, ते फार बरं करतेस. रोज दाखवतंय झोप."

काकू जन्मात दुपारी झोपल्या नव्हत्या. एक ते अडीच त्यांची मशीन चालू असायची, पुतळ्यापासून तीन हातांवर, त्याच्या दांड्याला हादरे बसतील इतकी. त्या वेळेला झोपायची ती थोरली. जेवली की खिडकीपाशी खुर्ची ओढायची, बरोबर एकला डोळे मिटायची, आणि अडीचला कुणी न उठवता उठायची.

त्याच खुर्चीत ती गेली. त्याची हकीकत काकूंनी कुणालाच पुरी सांगितलेली नव्हती. दुपारची वेळ, खालचा घेर टाचायचा चाललेला, काकूंच्या तोंडात दहा-बारा टाचण्या. मागून हाक आली, "धाकटे." एकदाच, फार मोठ्याने नाही. तोंडात टाचण्या असताना बोलायचं नाही, हा ह्या खोलीतला पहिला नियम, आणि तो थोरलीनेच घालून दिलेला. काकूंनी वळूनही बघितलं नाही. टाचणी टाचणी करत घेर पुरा केला, शेवटची टाचणी लावली, आणि मग म्हणाल्या, "काय हो?" उत्तर द्यायला तोवर कुणी उरलं नव्हतं.

सहाव्या दिवशी काज-बटणवाली लवकर गेली. काकू पुतळ्यासमोर उभ्या राहिल्या. खोलीत लख्ख ऊन होतं. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. काकूंना स्वतःचीच लाज वाटली, पण त्यांनी विचारलं.

"जाऊबाई, काय म्हणत होतात त्या दिवशी?"

चौसष्ट. चौसष्ट. एकाहत्तर. ब्याऐंशी. सत्त्याण्णव.

काकूंनी घाईने पट्टा सोडला. घड्याळ हातात आलं, खाली चिंध्या नव्हत्या, कापड नव्हतं, नुसती हवा. आकडा पटकन जायला हवा होता. तो गेला नाही. नव्वद झाला, साठ झाला, तीस झाला, अकरा झाला, एखादी बाई जिना उतरत खाली जावी तसा, आणि मग दोन आडव्या रेघा आल्या. काकूंनी ते परत पुतळ्याच्या हाताला बांधलं आणि आकडा येईपर्यंत श्वास घेतला नाही. परत काही विचारलं नाही त्यांनी. खायला घालायला घड्याळ सोडावं लागायचं, ते आता काज-बटणवालीला करायला लावू लागल्या, आणि तेवढा वेळ मागच्या खोलीत जाऊन बसू लागल्या.

"काकू, तुम्ही घाबरता ह्याला?" तिने विचारलं.

"मी घाबरते? तुझी काजं बघ आधी. एकही सरळ नाही."

आठव्या दिवशी शनिवार. सकाळीच लेकीचा फोन आला. "जिंकलीस बाई तू. तुझे ठोके माझ्यापेक्षा बरे आहेत. मी उद्या येत नाही. दुकानदाराला सांगते, घड्याळ ठेवतोय आम्ही. राहा तिथेच."

काकूंनी फोन कोनाड्यात ठेवला. खोलीकडे असं बघितलं, जणू कालपर्यंत ती उसनी होती आणि आज परत मिळाली. काज-बटणवाली तयार कपडे पोचवायला बाहेर पडली. काकूंनी नवं कापड पसरलं, खडू घेतला, आणि बाहीचा गोल मारायला वाकल्या.

दुखणं आधी जबड्यात आलं. मग छातीवर कुणीतरी गरम इस्त्री ठेवली आणि उचललीच नाही. काकूंनी टेबलाची कड धरायला हात टाकला तर हातात कापड आलं, आणि त्या कापडासकट खाली आल्या. ह्या वेळी त्या बसल्या नव्हत्या. पडल्याच होत्या.

डोळे उघडे होते. फोन कोनाड्यात, चार पावलांवर, म्हणजे दुसऱ्या गावात. हाक मारायला तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. आणि तेव्हा त्यांना आपण काय करून बसलोय ते नीट कळलं. लेकीच्या फोनवर आत्ता चौसष्ट दिसत असेल. चौसष्ट, शांत, ठणठणीत. ती भाजी चिरत असेल नाही तर केस विंचरत असेल. आई ठीक आहे. आईने स्वतःच्या हाताने तशी सोय करून ठेवली आहे.

खालून पुतळ्याचा हात दिसत होता. त्या हाताला कुणी हलवलं नव्हतं, खिडकीतून वारा नव्हता, मशीनी बंद होत्या. तरी काच आपोआप उजळली.

सत्तर. काकू बघत होत्या. पंचाण्णव. एकशे वीस. घड्याळ थरथरायला लागलं, कापडात माशी अडकल्यासारखं, आणि त्या थरथरण्याने उतरता खांदा हलत होता. एकशे चाळीस. कोनाड्यातला फोन वाजला. वाजत राहिला. थांबला. परत वाजला. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही, फक्त वर ते गुरगुरणं चालू होतं, एकसारखं, आणि काकू त्याला धरून पडून राहिल्या.

दारात लेक आली, पायात दोन वेगळ्या चपला.

दवाखान्यात सहा दिवस गेले. अजून अर्धा तास गेला असता तर, असं म्हणून डॉक्टरने पुढचं वाक्य सोडून दिलं. सातव्या दिवशी लेकीने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"मला एक सांग. तू खाली पडलेली. घड्याळ वर पुतळ्याला बांधलेलं. मग माझ्या फोनवर एकशे चाळीस ठोके कुणाचे आले?"

"तुझ्या थोरल्या काकूचे."

"आई, चेष्टा नको. म्हणजे आठ दिवस तू मला फसवलंस."

"सहा. पहिले दोन खरे होते."

लेक रडली, मग चिडली, मग परत रडली. चिंध्यांवरून उजेड परत येतो, दुकानदाराने तिलाही समजावलं होतं. ती तेच आईला समजवायला लागली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"असेल उजेड," त्या म्हणाल्या. "पण मी पडले ते उजेडाला कसं कळलं?"

लेकीने उठून पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे ठेवला.

शिवणघराला कुलूप लागलं. काकू भांडल्या नाहीत, आणि ह्यानेच लेक जास्त घाबरली. एक मशीन, टेबलाची फळी आणि पुतळा एवढं तिच्या घरी आलं. पुतळा गाडीत मागच्या सीटवर काकूंच्या शेजारी बसून आला. घड्याळ आता काकूंच्या मनगटावर होतं, टाचण्यांची उशी गेली होती. ते दिवसातून चार-पाचदा थरथरायचं आणि काकू गुपचूप खाली बसायच्या.

महिन्याने त्या लेकीला घेऊन घड्याळवाल्याकडे गेल्या.

"कसं वाटलं काकू?" तो म्हणाला. "रोजच्या वापराला बरं आहे ना?"

"बरं आहे. अजून एक दे."

लेक बघतच राहिली. काकूंनी तिच्याकडे बघितलं नाही. त्याने नवी डबी उघडली, फोनवर माहिती भरायला घेतली. हे कुणासाठी, त्याने विचारलं. माझ्या जाऊबाईंसाठी, काकू म्हणाल्या.

"वय?"

"एकोणसत्तर."

"वजन?"

"सहा किलो."

त्याचं बोट थांबलं. "साठ म्हणायचंय तुम्हाला."

"सहा," काकू म्हणाल्या. "मीच भरलंय तिला."