बिरोबाची मंजूर भाकणूक

तीस सालचा मार्शल लॉ उठला, पण गोऱ्या साहेबाची खोड काही गेली नाही. सोलापुरात चार माणसं जमायची तर परवानगी लागे. कीर्तनालासुद्धा पोलीस मांडी ठोकून बसे. दिवाळीत ही ब्याद कुंभारीच्या माळावर, बिरोबाच्या जत्रेपर्यंत येऊन पोचली.

जत्रेत हरिबा धनगराच्या अंगात बिरोबा येई आणि भाकणूक सांगे: पाऊस कुठं, रोगराई कुठं, राजाचं काय. मेंढरं कुठल्या मुलखाला न्यायची, ते धनगर त्या बोलावर ठरवत.

फौजदारानं हरिबाला चौकीवर बोलावलं. "जत्रेत काय बोलणार ते आज सांगायचं. साहेबानं मान्य केलं तर जत्रा. नाहीतर माळ रिकामा करीन."

"मला कुटं ठावं, साहेब? बोलनार द्येव. काय बोललो ते मला मागनं लोकच सांगत्यात."

"मग देवाला विचारून ये की!" फौजदार हसला. माणूस वाईट नव्हता. हुकमाचा ताबेदार होता, एवढंच.

वळसंगच्या, अक्कलकोटाकडच्या पालख्या माळावर येऊन टेकल्या होत्या. कानडी मुलखातली माणसं पोरंबाळं घेऊन चालत आली होती. त्यांच्यावर लाठ्या पडू द्यायच्या? हरिबानं मान खाली घालून सांगितलं, पाऊस बरा, मेंढरू सुखी, राजा सुखी. साहेबानं ते मंजूर केलं.

घरी त्याची बायको मायाक्का कडाडली, "द्येवाच्या वतीनं तुमी कोन कबूल हुनार? आन त्येनं दुसरंच कायतर सांगितलं मंजी?"

"न्हाय सांगनार," हरिबा म्हणाला. स्वतःचीच समजूत घालत होता बिचारा.

जत्रेत ढोल घुमले, भंडारा उधळला, आणि बिरोबा आला. दरसालसारखा पायांतून चढत आला. पण हरिबा या खेपेला शुद्ध धरून होता. जिभेवर 'मेंढरू' हा शब्द आला. त्याच्या मागून येत होतं ते सुखाचं नव्हतं, एवढं त्याला उमगलं. समोर फौजदार खुर्ची टाकून बसलेला, मागं लाठीवाले, मध्ये लेकरं. हरिबानं दात आवळले. जीभ चावली, रक्त आलं. लोकांना वाटलं, देव लई कडक आलाय. आतलं वारं हळूहळू ओसरलं, आणि मग हरिबा स्वतःच्या आवाजात मंजूर झालेलं बोलला. चांगभल्याच्या गजरानं माळ दणाणला.

"काय सांगत हुता त्यो?" मायाक्कानं विचारलं.

"म्या ऐकलंच न्हाय. त्येचं त्वांड दाबलं म्या," हरिबा म्हणाला आणि ढसाढसा रडला.

त्या साली काही मेंढरं मेली, काही जगली. दरसाल तसंच होतं. पण कुणाचंही मेंढरू मेलं की हरिबाचं काळीज चरके.

पुढच्या दिवाळीला चौकीवरून आपणहून निरोप आला: गेल्या सालचंच बोल, परवानगी आहे. ढोल घुमले. हरिबा भंडाऱ्यात उभा राहून वाट बघत राहिला. पाय थंडच. माणसं हात जोडून बसली होती. शेवटी त्यानं आपणच अंग घुसळलं, डोळे फिरवले, आणि बोलला.

लोक पाया पडायला लोटले. मायाक्का तेवढी जागची उठली नाही.