एकटीची फुगडी

"कृष्णविवर कुठी आहे यात?" परीक्षक गुणवंतरावांनी दिव्यानीच्या खोक्यात पेन्सिल घालून विचारलं.

ब्रह्मपुरीच्या शाळेत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. पहिलं येणारं मॉडेल चंद्रपूरला जाणार होतं. त्यासाठी नववीतली दिव्यानी दोन महिने राबली होती. आतून काळं कापड लावलेल्या खोक्यात एक पांढरी बाहुली हात पुढे करून गरगर फिरत होती.

"दिसत नाई सर, तेच तं आहे," दिव्यानी म्हणाली. "हे बाहुली म्हणजे तारा. एकटी कोणी फुगडी खेळते का? समोर काळी बाहुली आहे. तारा आपल्याकडं आला का त्याचा उजेड निळ्याकडं सरकते, दूर गेला का लालकडं. त्यावरून समजते, कोणीतरी त्याले फिरवून राह्यलं. सूर्याच्या जवळपास दहापट जड, अन् उजेड काहीच नाई. भुजंगधारी तारकासमूहात आहे, पंधराशे साठ प्रकाशवर्षांवर. आतापर्यंत सापडलेलं सगळ्यात जवळचं."

"साफ चूक!" गुणवंतरावांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपलेलं कात्रण काढलं. "दूरदर्शी तारकासमूह, हजार प्रकाशवर्षं. विद्वान माणसाचा लेख आहे हा. नुसती पोपटपंची करून चंद्रपूर दिसत नाई, पोरी."

त्यांनी लाल पेनाने गुणपत्रिकेवर तिचे गुण कापले. आजूबाजूची पोरं फिदीफिदी हसली. दिव्यानीने मान वळवून मागे पाहिलं. मागच्या खुर्चीत तिला हे सगळं शिकवणारे शेजारचे आबाजी बसले होते, कॉलेजचे निवृत्त ग्रंथपाल हरिदास मेश्राम.

हरिदासांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ते कात्रण त्यांनी लांबूनच ओळखलं. लेख त्यांचाच होता. खाली नाव होतं 'एक वाचक'. स्वतःचं नाव छापून घ्यायची त्यांची छाती झाली नव्हती. दोन हजार वीस साली शास्त्रज्ञांनी तसं जाहीर केलं होतं, म्हणून त्यांनी लिहिलं. दोन वर्षांनी शास्त्रज्ञांनीच पुन्हा तपासून सांगितलं, तिथे कृष्णविवर नाही. एका ताऱ्याने दुसऱ्याचं वरचं आवरण ओरबाडून घेतलंय, एवढंच. हरिदासांनी तीनदा दुरुस्ती पाठवली. संपादक म्हणाले, "जुनं झालं भाऊ, कोण वाचते?" आणि हरिदास गप्प बसले होते.

कोण वाचते? हा वाचत होता! लाल पेन घेऊन, पोरीचे गुण कापत!

ते उठले. खुर्ची धाडकन मागे पडली.

"तो लेख चूक आहे."

"तुमी कोण सांगणारे?"

"लिहिणारा." आवाज चिरकला, म्हणून ते आणखी मोठ्याने ओरडले, "मी! मीच तो एक वाचक! शास्त्रज्ञांनी आपली चूक जगासमोर कबूल केली, अन् तुमी ते कात्रण मिरवता? पोरीनं बरोबर सांगतलं!"

गुणवंतरावांचे कान लाल झाले.

"असं तोंडी चालत नाई, मेश्राम भाऊ. लिहून द्या. पूर्ण नावानं."

त्यांना वाटलं असेल, हा मुखदुर्बळ माणूस इथेच गार होईल. हरिदासांनी त्यांच्याच हातातला लाल पेन ओढून घेतला, गुणपत्रिकेच्या पाठीवर दुरुस्ती लिहिली आणि खाली पूर्ण नाव घातलं. दाबून लिहिताना कागद दोन ठिकाणी फाटला. गुणवंतरावांनी ते दोनदा वाचलं आणि पहिले गुण खोडून नवे घातले. निकालाच्या फळ्यावर दिव्यानीचं नाव सगळ्यात वर लागलं.

फाटकाबाहेर हरिदास तिच्याकडे पाहून हसायला गेले. ती हसली नाही.

"तुमाले माहीत होतं, आबाजी. चूक छापून गावात फिरून राह्यली, तं मले काऊन नाई सांगितलं? मी उत्तर दिलं असतं त्याले!"

तिने खोकं त्यांच्या हातात आदळलं. आतली पांढरी बाहुली हलली.

"चंद्रपूरले तुमीबी याचं. अन् तिथी मांगं बसाचं नाई."