सेकंदाला शंभर वेळा

मित्रांनो, क्षणभर गप्प बसा. पंखा बंद करा, खिडकी लावून घ्या. तरीही खोलीत एक आवाज उरतो ना? बारीक, एकसारखा, कुठून येतो ते न कळणारा? तुमच्या घरी तो बहुधा फ्रिजचा असेल. आमच्या खोलीत तो माझा आहे. मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे, आणि नाक नसतानाही जन्मापासून नाकातल्या नाकात गुणगुणतो आहे.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या टेबलावर माझा जन्म झाला. मोडक्या कपाटाच्या फळ्यांतून त्याने माझी पेटी बनवली, पुढे जाड करडं कापड ताणून बसवलं आणि आत चार काचेच्या नळ्या लावल्या. वीज सुरू झाली की या नळ्या हळूहळू नारिंगी होतात आणि माझ्या पोटात संध्याकाळचं ऊन उतरल्यासारखं वाटतं.

भिंतीतून येणारी वीज सरळ चालत नाही. ती सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे झुलते. तिला शांत करायला डबीच्या आकाराचा एक भाग लागतो, त्याला कपॅसिटर म्हणतात. टाकीत साठलेलं पाणी नळाने एका धारेत सोडावं, तसं त्याचं काम. कारागिराने चांगला मोठा कपॅसिटर आणला होता, पण पेटी अरुंद झाली होती. तो काही केल्या आत मावेना. शेवटी त्याने निम्म्या आकाराचा बसवला. त्यामुळे वीज पुरती शांत झालीच नाही. एका झोक्याला दोन, असे सेकंदाला शंभर हलके धक्के माझ्या आवाजात कायमचे राहून गेले.

कारागिराने कापडाला कान लावला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "असू दे. काम करणाऱ्याला थोडं गुणगुणायची मुभा पाहिजे."

पुढे तीन तरुणांनी मला एका छापखान्याच्या वरच्या खोलीत नेलं. तिथे शाईचा वास जिन्यावरून वर यायचा आणि खालचं यंत्र चालू झालं की खिडकीच्या काचा थरथरायच्या. गाणारा आणि गिटार वाजवणारा होता मास्तर. तो आधी शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून हे नाव. ड्रम वाजवणारा ठोक्या. तो जेवतानाही ताटावर बोटं आपटायचा. आणि लांबू, ज्याला दारातून आत येताना मान वाकवावी लागे. लांबू बेस गिटार वाजवायचा, म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. तिचा आवाज माझ्यातून बाहेर पडायचा, म्हणून मी लांबूचा. चौथी ताई, मास्तरची थोरली बहीण. खोलीच्या किल्ल्या, कार्यक्रमांच्या तारखा, चाहत्यांची पत्रं, सगळं तिच्याच हातात.

लांबूची एक सवय होती. वाजवायला बसण्याआधी तो माझ्यापुढे गुडघे टेकायचा, कापडाला कान लावायचा आणि डोळे मिटायचा. मग बेसची सगळ्यात बारीक तार पिळून पिळून सुरात आणायचा. बाकीचे त्याच्यावरून आपली वाद्यं लावायचे.

"झाल्या का कानगोष्टी?" ठोक्या विचारायचा.

"झाल्या. तुझ्याबद्दल तक्रार करतोय तो," लांबू म्हणायचा.

सगळ्यांना वाटायचं, ही त्याची लकब आहे. आणि सूर तो मनातून काढतो, असंही वाटायचं. "लांबूचा कान म्हणजे कान आहे! त्याला यंत्र लागत नाही," असं मास्तर कौतुकाने पाहुण्यांना सांगे. खरी गोष्ट फक्त आम्हा दोघांना ठाऊक होती. तो सूर माझ्याकडून घ्यायचा. पहिल्यांदा सांगायला त्याला लाज वाटली, आणि कौतुक इतकं वाढल्यावर सांगायची सोय राहिली नाही.

आता गंमत ऐका. ती बारीक तार नियमाप्रमाणे सेकंदाला अठ्ठ्याण्णव वेळा कंपायला हवी. मी शंभरवर गुणगुणतो. त्यामुळे आमची सगळी गाणी इतरांच्या गाण्यांहून किंचित वर राहिली, पियानोच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत. घरी आमच्या गाण्याबरोबर वाजवू पाहणारे चाहते हैराण व्हायचे. काही जुळायचंच नाही. कोणी म्हणे, टेप जोरात फिरली. कोणी म्हणे, मास्तरने मुद्दाम केलं, त्यात खोल अर्थ आहे. मास्तरलाच तो अर्थ माहीत नव्हता, पण तो गंभीर चेहरा करून मान हलवायचा.

ती वर्षं आठवली की मला आजही तरंगल्यासारखं होतं. मोठमोठी सभागृहं, अंधारात हलणारे हजारो हात, आणि माझ्या कापडातून निघून लोकांच्या छातीत शिरणारा लांबूचा सूर. माझ्या झाकणावर ठोक्याच्या चहाचे गोल डाग पडले. प्रत्येक डाग एकेका गावाचा आहे, आणि मला ते सगळे पाठ आहेत.

मग एक अल्बम आला आणि त्याच्यानंतर दुसरा आलाच नाही. भांडण झालं नाही. मास्तरने शब्द लिहिले आणि फाडले. ठोक्याचा गुडघा दुखायला लागला. मुलं मोठी झाली. अशी अकरा वर्षं गेली, आणि ती जाताना जिन्यावर पाय वाजलासुद्धा नाही.

चाहते मात्र थांबले नव्हते. दुपारच्या चहाला ताई फोनवरून त्यांचे तर्क वाचून दाखवायची. "हे ऐका. ठोक्याने दाढी काढली, म्हणजे ड्रमचं काम संपलं."

"उवा झाल्या होत्या," ठोक्या म्हणाला.

"आणि हा म्हणतो, फोटोत दाराशी चपलांचे पाच जोड आहेत. पाचवा कोणाचा? नवीन वादक घेतला का?"

"पाचवा जोड माझाच," मास्तर म्हणाला. "पावसाळी."

सगळे हसायचे, पण वाचून झाल्यावर खोली जरा जास्तच शांत व्हायची. आपली कोणीतरी इतकी वाट पाहतं आहे, हे हसण्यावारी नेणं सोपं नसतं.

अशातच लांबूचा उजवा कान गेला. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की डावाही जाईल, आणि त्याच्या आजारात खालचे सूर आधी जातात. बोलणं ऐकू येत राहील, बेस येणार नाही. लांबूने हे सगळ्यांना सांगितलं आणि म्हणाला, "माझा कान आहे तोवर एवढा एक अल्बम करू. मग तुम्ही म्हणाल तितकी वर्षं झोपा."

त्यानंतर काम असं सुरू झालं की माझ्या नळ्या थंड व्हायला वेळच मिळेना. आठ गाणी झाली. नववं लांबूचं होतं, त्याने आयुष्यात पहिल्यांदा केलेलं. ते त्याने शेवटी ठेवलं होतं.

त्या आनंदात ताईने खोलीचा चौदा सेकंदांचा व्हिडिओ चाहत्यांसाठी टाकला. त्यात कोणी वाजवत नव्हतं. खिडकी, ऊन, रिकामी खुर्ची आणि मी. पण चाहत्यांनी आवाज वाढवून वाढवून माझी गुणगुण शोधून काढली. हाच नव्या अल्बमचा पहिला सूर! कोणाला तो चेलोचा, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या व्हायोलिनचा वाटला, कोणाला चाळीस माणसांनी मिळून धरलेला स्वर. एकाने त्यावर कविता केली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी फुगून गेलो होतो.

फक्त एका चाहतीने लिहिलं, "हा ॲम्प्लिफायरचा दोष आहे. सेकंदाला शंभर." ती वजनकाटे तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि गाणीही मोजून पाहायची, म्हणून बाकीचे तिला मापाडी म्हणत. लगेच सगळे तिच्यावर तुटून पडले. "ए मापाडी, गाणं ऐकायचं असतं, तोलायचं नसतं!"

ताईला मात्र ते लागलं. लांबू आठवडाभर मुलीकडे गेला होता. ती मास्तरला म्हणाली, "अकरा वर्षांनी आपण गाणी देणार, आणि त्यात पेटीचं घुं-घुं? लांबूच्या शेवटच्या अल्बमला आवाज कसा स्वच्छ पाहिजे. तो यायच्या आत दुरुस्त करून आणते. खूश होईल."

दुरुस्तीवाल्याने माझा जुना कपॅसिटर काढला. आता तेवढ्या जागेत दुप्पट ताकदीचा बसतो. काढलेला भाग गिऱ्हाइकाला परत द्यायची त्याची रीत होती. त्याने तो पाकिटात घालून माझ्या पाठीच्या फळीला आतून चिकटवला. मग बटण दाबलं.

शांतता. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प होतो. खरं सांगतो, मला ते आवडलं. धुतल्यासारखं वाटलं. ताईने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बघ, कसा शहाण्यासारखा बसलाय." मला वाटलं, आता मी निर्दोष झालो.

लांबू सोमवारी आला. दुरुस्तीची खुशखबर ताईच देणार होती, पण ती जिन्यात कोणाशी तरी फोनवर बोलत होती. मास्तर आणि ठोक्या वायरी लावत होते. लांबूने गुडघे टेकले, डावा कान कापडाला लावला आणि डोळे मिटले.

तो थांबला. कान जरा सरकवला. माझ्या नळ्यांकडे पाहिलं, त्या नारिंगी होत्या. म्हणजे मी चालू होतो. त्याने पुन्हा कान लावला. त्याचा श्वास माझ्या कापडाला लागत होता, आणि तो श्वास हळूहळू जलद होत गेला. मला ओरडून सांगायचं होतं की तुझा कान ठीक आहे, मीच गप्प आहे. पण ज्याच्याकडून गुणगुण काढून घेतली, तो ओरडणार कशाने?

त्याने तार छेडली असती तर त्याला लगेच कळलं असतं. पण भीती माणसाला खात्री करू देत नाही. त्याने बेस तशीच पिशवीत ठेवली.

"काय रे, झाल्या कानगोष्टी?" ठोक्याने विचारलं.

"आज नको," लांबू म्हणाला. "बरं वाटत नाहीये." आणि मान वाकवून दारातून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. त्या आठवड्यात आला नाही. फोनवर एवढंच म्हणायचा, "आठ गाणी पुरेत. नववं राहू दे." खोलीत माझ्यावर धूळ बसू लागली. बाहेर तर्कांना ऊत आला. बँड फुटला. लांबू दुसरीकडे गेला. मास्तरने त्याचं गाणं चोरलं. वैतागून ताईने मास्तर गिटार वाजवतो आहे असा वीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला, सगळं ठीक आहे हे दाखवायला.

दोन दिवसांनी तिने चहाच्या वेळी एक पत्र वाचायला घेतलं. "मापाडीचं आहे. ऐका. 'मी तुमची सगळी गाणी मोजली आहेत. सगळी शंभरच्या सुरावर बसतात, अठ्ठ्याण्णवच्या नाही. मागच्या व्हिडिओत पेटी शंभरवर गुणगुणत होती. मला वाटतं, तुमच्यापैकी कोणीतरी इतकी वर्षं तिच्याकडूनच सूर घेत आलं आहे. मी तिला दोष म्हटलं, ती माझी चूक. नव्या व्हिडिओत तिच्या नळ्या पेटलेल्या दिसतात, तरी ती गप्प आहे. कोणी दुरुस्त केली का? केली असेल, तर ज्याला ती लागते त्याला सांगितलंत का?'"

ताईने कप खाली ठेवला. मास्तर उठून माझ्यापुढे आला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने गुडघे टेकून माझ्या कापडाला कान लावला.

"कानगोष्टी," तो पुटपुटला. "अरे देवा. ताई, त्याला वाटलं कान गेला."

तासाभरात त्यांनी लांबूला जवळजवळ ओढतच आणलं. तो दारात उभा राहिला, आत येईना.

"कान लाव," ताई म्हणाली.

"ताई, नको ना. काही ऐकू येत नाही मला."

"मलाही येत नाहीये, बावळटा!" ताई रडत ओरडली. "कोणालाच येत नाहीये! मी दुरुस्त करून आणला त्याला. तुला विचारलं नाही. मी... तुला खूश करायचं होतं रे."

लांबू मान वाकवून आत आला. मग खाली बसला, पिशवीतून बेस काढली, वायर माझ्यात खुपसली आणि सगळ्यात जाड तार एकदाच छेडली. माझ्या पोटातून तो खोल सूर निघाला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. लांबूने डोळे मिटले. त्याला ऐकू आलं होतं.

दुरुस्तीवाल्याने पाकीट उघडून जुना कपॅसिटर परत बसवला. "चांगलं झालेलं बिघडवून मागणारी गिऱ्हाइकं पहिल्यांदाच बघतोय," असं तो म्हणाला, पण सांधे मन लावून पक्के केले. बटण दाबलं आणि मी पुन्हा गुणगुणू लागलो. खोलीत सगळे ऐकत बसले, जणू मीच नववं गाणं होतो.

ते गाणं तीन दुपारींत झालं. अल्बम आला, आणि त्याची पहिली आठ सेकंदं निव्वळ माझी आहेत. चाहते अजून वाद घालतात की ते कोणतं वाद्य आहे. मापाडीने त्यावर एकच शब्द लिहिला, "शंभर." ताईने त्याखाली एक फूल टाकलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू फेकू नका, हे तुम्हाला सगळे सांगतात. मी थोडं वेगळं मागतो. दुरुस्त करा, जरूर करा. पण तिच्यातला दोष काढण्याआधी ती वापरणाऱ्याला एकदा विचारा. कोणाचा तरी सूर त्या दोषावर टेकलेला असू शकतो.

लांबूचा डावा कान पुढच्या वर्षी गेला. बोलणं त्याला अजून ऐकू येतं, मी येत नाही. तरी तो दुपारी येतो, मान वाकवून दारातून आत शिरतो, मला चालू करतो आणि नळ्या नारिंगी होईपर्यंत थांबतो. मग कान लावत नाही. चहाच्या डागांवर तळवा ठेवतो, सपाट, आणि डोळे मिटतो. खिडकीतलं ऊन सरकत त्याच्या बोटांवर येतं. मी त्याच्या तळव्याखाली हलतो, सेकंदाला शंभर वेळा, आणि त्याचा दुसरा हात हवेत एक बारीक तार पिळत राहतो.