आदर्श गृहिणी, क्वार्टर नंबर एकोणीस

"गृहिणी हा घराचा खांब आहे, आणि खांब सरळ उभा असेल तरच राष्ट्र उभं राहतं," असं कोळसा खाणीच्या कॉलनीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष मीराबाईंनी उंबरठ्यावर उभं राहून जाहीर केलं. क्वार्टर नंबर एकोणीसचा खांब त्या वेळी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडवा होता. भाषण ऐकायला त्या खांबाचे यजमान गुणवंतराव होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले होते, कारण ते मनगटापर्यंत कणकेने भरले होते.

"तर यंदाची आदर्श गृहिणी तुमची कमळा," मीराबाई म्हणाल्या. "कमिटीनं खिडक्यायवर बोट फिरवून पाह्यलं. माजरीत खिडकीवर कोळसा नाई म्हणजे चमत्कारच झाला, गुणवंतभाऊ. कुठी आहे ते?"

"न्हाऊन राह्यली," गुणवंतराव म्हणाले.

कमळा सहा वर्षांपासून आजारी होती. काही दिवस ती पंख्याशी बोले, बाकीचे दिवस कुणाशीच नाही. चंद्रपूरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी पंखा गप्प झाला, पण उठून झाडू हातात घ्यावा एवढं बळ काही त्या गोळ्यांत नव्हतं. दिवाळीत तिचा धाकटा भाऊ धनराज सिंदेवाहीहून आला, ओट्यावरचा भांड्यांचा ढीग पाहिला आणि म्हणाला, "होळीपर्यंत घर घरासारखं दिसलं नाई, तं बाईले मी बाबाच्या मठात नेऊन ठेवतो." त्या मठात गुण येईपर्यंत माणसाला साखळीने बांधतात. आजवर कुणाला गुण आला, ते साखळीलाच ठाऊक.

तेव्हापासून खाणीत पंप चालवणारे हे गृहस्थ कोंबड्याच्या आधी उठू लागले. कॉलनी जागी व्हायच्या आत सडा, रांगोळी, धुणं. रांगोळीची वर्तुळं ते पंपाचं जुनं, चकतीसारखं गॅस्केट ठेवून काढत, त्यामुळे ती कुठल्याही बाईच्या वर्तुळापेक्षा गोल येत. कमळाच्या साड्या मुद्दाम रस्त्याकडच्या दोरीवर वाळत टाकत. घर इतकं लख्ख झालं की त्याला बक्षीस लागलं. कुठे थांबावं, हे पुरुषाला कुणी शिकवलेलं नसतं.

बक्षीस माहेरच्या माणसाच्या हस्ते द्यायचं, ही मीराबाईंची कल्पना. रविवारी मांडवात धनराज हजर. गुणवंतरावांनी कमळाला न्हाऊ घातलं, वेणी घातली, निऱ्या करून खोचल्या आणि हाताला धरून पहिल्या रांगेत आणून बसवलं. तासभर ती नुसती बसली तरी निभावलं, एवढीच त्यांची आशा.

धनराजने मिक्सरचा खोका बहिणीच्या हातात दिला. मीराबाईंनी तिच्या तोंडापुढे माइक धरला. "सांगा कमळाबाई, घर येवढं साफ कसं ठेवता?"

कमळाने नवऱ्याकडे बोट केलं. "मी काईच नाई करत. सारं हेच करते. माह्या निऱ्या पण यायनंच घातल्या."

मांडव हसून हसून लोळला. "पाहा, येवढं करून बाईले गर्व नाई," मीराबाई डोळे पुसत म्हणाल्या. सहा वर्षांत कमळा पहिल्यांदा चारचौघांत बोलली, तेही खरं, आणि कॉलनीने त्याला टाळ्या दिल्या.

धनराजही हसला. चहाच्या टेबलाशी त्याने गुणवंतरावांच्या पाठीवर थाप मारली. "भाऊजी, बाई तं एकदम ठणठणीत झाली. मजाक पण करून राह्यली. त्या गोळ्या बंद करा आता. अन् मी नेतो तिले संग. आई पडली, पायाचं हाड मोडलं. सैपाकाले घरात कोणी नाई."

"नाई जमत, धनराज."

"काऊन नाई जमत? माहेरच्या कामाले नाई, अन् इथी मिक्सर जिंकते?"

गप्प राहावं तर कमळा गोळ्यांशिवाय माहेरच्या चुलीपुढे. बोलावं तर मठ. पलीकडे ती खोका मांडीवर घेऊन बसली होती. पदर सुटून मातीत लोळत होता, तिला पत्ता नव्हता. गुणवंतरावांनी कप खाली ठेवला.

"ते खरं बोलली," ते हळू म्हणाले. "सडा मी टाकतो. सैपाक, भांडे, धुणं, फरशी, सारं मी. दिवाळीत तू बोलून गेला तवापासून. तिले कोन्या दिवशी उठून पानी पण घेता येत नाई. गोळ्या सुटल्या तं हेही राहणार नाई. मठात नको नेऊ. पाय धरतो तुह्ये."

धनराजने वळून बहिणीकडे पाहिलं. मग गुणवंतरावांच्या हातांकडे. साबणाने बोटांची सालं निघाली होती. आता हा रडतो की मारतो, हे गुणवंतरावांना कळेना.

"सारंच तुम्ही करता?"

"सारंच."

"पोळ्या पण?"

"पोळ्या पण."

"मंग मठाचं राहू द्या." धनराजने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "शनवारी आमच्याकडे याल का, भाऊजी? मी धुणं भिजवून ठेवतो."