माझ्या पाठीचे चार डोळे

"अप्पा, गाडी बोलली की थांबायचं. आधी थांबायचं, मग बघायचं. एवढं एक ऐका माझं."

मित्रांनो, कर्नाटकात भालकीजवळच्या मेहकर गावात आल्यावर माझ्या कानी पडलेलं हे पहिलं बोलणं. बोलणारा महांतेश, पुण्याच्या कारखान्यात नोकरी करणारा मुलगा. ऐकणारे त्याचे वडील पिराप्पा. आणि ती बोलणारी गाडी म्हणजे मी. तसं पाहिलं तर मी काही फार जुनी मोटार नाही. दोन हजार नऊच्या दिवाळीत या अंगणात आले, म्हणजे अजून तीन वर्षंही पुरी झाली नाहीत. पण त्यातले पाच महिने मी ताडपत्रीखाली काढले आहेत, आणि नुसती उभी राहिलेली मोटार लवकर म्हातारी होते.

माझा जन्म दूरच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या मागच्या पट्टीत रुपयाएवढे चार गोल बसवले. ते माझ्या पाठीचे डोळे. मला मागे घेताना काही जवळ आलं की त्यांना ते कळतं, आणि मी आत बारीक आवाजात टीं-टीं करते. वस्तू जितकी जवळ, तितकी माझी घाई. हे डोळे महांतेशने मुद्दाम घेतले होते. आदल्या वर्षी सुट्टीला आला असताना त्याला दिसलं होतं की मागून कुणी हाक मारली तर अप्पा नुसती मान वळवत नाहीत, सगळं अंग वळवतात. मान आखडली होती. अप्पांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानेही विचारलं नाही.

पिराप्पा एकतीस वर्षं सरकारी बसचे ड्रायव्हर होते. बसवकल्याणहून उमरग्याला रोजची फेरी. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. गावात तोच त्यांचा मान होता.

सुरुवातीचे दिवस आठवले की अजून हसू येतं. वळताना हात बाहेर काढायची त्यांची सवय. माझी काच बंद असायची, हात थाडकन काचेवर आपटायचा. पट्टा लावला नाही की मी वाजायची, म्हणून ते पट्टा पाठीमागून अडकवून त्यावरच बसायचे. अनसाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्यात पाऊल टाकण्याआधी चपला काढून हातात घ्यायच्या.

अनसाबाई फार हळू बोलतात. रोज नेमाने दिवा लावतात आणि मैलारच्या मल्लण्णाचा, म्हणजे खंडोबाचा, रविवार धरतात. माझ्या पूजेच्या दिवशी त्यांनी महांतेशला विचारलं, "हिचे डोळे कुठं हायती म्हणालास?" त्याने दाखवले. "मग भंडारा आधी डोळ्याला," असं म्हणून त्यांनी तेलात कालवलेली हळद चारही गोलांवर लावली, वर अक्षता चिकटवल्या. त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. जुन्या थरावर नवा थर. इतक्या मायेने मला दुसऱ्या कुणीच हात लावला नसेल.

पण वर्षभरात मी विनाकारण वाजू लागले. मागे मोकळं मैदान असलं तरी माझं टीं-टीं चालूच. मित्रांनो, मी खोटं बोलत नव्हते. डोळ्याला काहीतरी खेटून आहे एवढंच मला कळत होतं, आणि तेच मी सांगत होते.

"गाडी हाय का सासू?" पिराप्पा वैतागून म्हणाले. "उठता-बसता टोचून बोलायली."

"माझ्या आईनं तुमाला कवा टोचलं ओ?" अनसाबाईंनी विचारलं. ते मला घेऊन तडक भालकीला लिंगराज मिस्त्रीकडे गेले.

"काका, कामून वाजायली ते बघू तरी," लिंगराज म्हणाला.

"बघायचं काय त्यात? तोंड बंद कर तिचं. एकतीस वर्षं गाडी चालवलोय मी."

त्याने तार काढली. महांतेशला कुणी काही कळवलं नाही. पुढे वर्षभर मी मुकी होते, आणि काही घडलं नाही.

यंदाच्या वैशाखात एका सकाळी शेजारच्या निलम्मा अंगणात चादर अंथरून कुरडया वाळत घालत होत्या. चादरीचं टोक माझ्या मागे आलं होतं, आणि ते ओढायला त्या खाली वाकल्या होत्या. मला मागे घेताना पिराप्पांनी आरशात बघितलं. वाकलेली बाई आरशात दिसत नाही. मान तर वळत नव्हतीच. माझ्या डोळ्यांवर हळद होती, आणि मला दिसलं असतं तरी सांगायला आवाज नव्हता. माझा धक्का लागून निलम्मा हातावर पडल्या. मनगट मोडलं.

त्या दिवशी पिराप्पांनी माझी चावी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. संध्याकाळी हाताला प्लास्टर घालून आलेल्या निलम्मांपुढे ते मान खाली घालून बसले. निलम्माच हसल्या. "अण्णा, मला पाडायला एवढी मोठी गाडी कशाला लागती? सायकल पुरली असती की!" मग म्हणाल्या, "हात बरा झाला की मला मैलारला न्यायचं. तूच न्यायचं, याच गाडीतनं. कबूल?"

"कबूल," पिराप्पा म्हणाले.

पण माझ्यावर ताडपत्री पडली ती पडलीच. कोंबड्या माझ्या टपावर बसू लागल्या. प्लास्टर निघालं, निलम्मा पुन्हा भाकरी थापू लागल्या. दोनदा येऊन त्यांनी विचारलं, "कधी निघायचं?" एकदा टायरात हवा नव्हती, एकदा पाऊस होता. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. तो दिवस पिराप्पांना सगळ्यात जड गेला असावा. माझ्याजवळ येऊन ते बराच वेळ उभे राहिले आणि तसेच परत गेले.

खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं धुतात. अनसाबाईंनी माझी ताडपत्री काढली. बॅटरी मेली होती, म्हणून लिंगराजला बोलावलं. त्याने मागची पट्टी पुसायला घेतली आणि नखाने हळदीची खपली काढली. "अक्का, हे कुणी लिंपलंय? यानंच ती बोंबलत होती की!"

अनसाबाई तिथेच ओट्यावर बसल्या. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर त्यांनी पिराप्पांना सांगितलं, "डोळे मीच झाकले ओ हिचे."

"तू डोळे झाकलीस, मी तोंड बांधलो," ते म्हणाले. "पर आता या वयात मशीन सांगल तसं चालवू व्हय?"

"बस मागं घेताना कंडक्टर शिट्टी मारायचा का न्हाई? तो थांब म्हणला की थांबतच हुताव की. तवा कमीपणा न्हवता. आता कामून वाटायलाय?"

सकाळी पिराप्पांनी स्वतःच लिंगराजला तार जोडायला लावली. मग खळ्यात अनसाबाईंनी माझ्या मागे पितळी घागर ठेवली. मी बोलले, ते थांबले. पुन्हा मागे घेतलं, पुन्हा मी बोलले, पुन्हा थांबले. पहिल्या दिवशी दोनदा घागर आडवी झाली. तिसऱ्या दिवशी एकदाही नाही. "माझी घागर पोचवलाव की ओ," घागरीला पडलेला पोचा दाखवत अनसाबाई म्हणाल्या, पण त्या हसत होत्या.

मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या वस्तूंना माणसं माया लावतात, तेव्हा फार बरं वाटतं. फक्त आमचं काम काय आहे ते एकदा विचारून घ्या. आणि आम्ही काही सांगू लागलो तर आमच्यावर रागावण्याआधी थोडं थांबा. कुणाचा तरी हात वाचेल.

आज रविवार. अनसाबाईंनी ओल्या फडक्याने माझे चारही डोळे पुसले. आता तोच त्यांचा नेम आहे. भंडारा त्यांनी माझ्या कपाळाला लावला. पिराप्पा आत बसले, पट्टा छातीवरून ओढून नीट अडकवला, मग चावी फिरवली. मी हळूहळू मागे सरकले. अंगणाच्या मध्यावर मी बोलले, आणि ते थांबले. उतरून बघितलं तर कोंबडी होती. तिला हुसकावून ते पुन्हा बसले, आणि मला सावकाश रस्त्यावर आणलं.

हॉर्न त्यांनी वाजवला नाही. माझं पुढचं डावं दार उघडून ठेवलं, डोक्यावरची टोपी सारखी केली, आणि निलम्मांच्या दाराकडे चालत निघाले.