रंगजुळणी

"ही माझी आत्या नाही," एफुआने छापून आलेला नमुना टेबलावर ठेवला आणि ती खुर्ची ओढून बसली.

विनीताने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. सिंगापूरमधल्या बुकित बातोकच्या या छापखान्यात छपाईआधी पानांचे रंग तपासून जुळवण्याचं काम ती कित्येक वर्षं करत होती. डोळे आता संध्याकाळपर्यंत साथ देत नसत आणि खांदा तर सकाळपासूनच कुरकुरायचा. समोर होतं ते घानाहून आलेल्या या मुलीच्या ग्राफिक नॉव्हेलचं पान. दोनशे वर्षांनंतरचं अक्रा शहर, आकाशातून होड्या हाकणाऱ्या बायका आणि सगळ्यांत पुढच्या होडीच्या सुकाणूवर एफुआची आत्या.

"रेषा तर तुझ्याच आहेत," विनीता इंग्रजीत म्हणाली.

"रेषा माझ्या. रंग कुणाचा?"

विनीताने मूळ पान पडद्यावर उघडलं आणि छापलेला नमुना त्याच्या शेजारी धरला. मुळातली आत्या काळीभोर होती, छापलेली गव्हाळ. मुद्दाम कुणी काही केलं नव्हतं. गडद चेहरा दिसला की विनीताचा हात तो उजळ करायला आपसूक जायचा, भाजीत मीठ पडावं तसा. लग्नाचे अल्बम म्हणू नका, शाळांचे वार्षिक अंक म्हणू नका, तक्रार घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं.

"गडद भागात शाई साचते. नाकडोळे बुजतात," ती म्हणाली. कारण खरं होतं, तरी सांगताना तिलाच ते पोकळ वाटलं.

"मग त्यावर मेहनत घेऊ या. मी थांबते." एफुआचा आवाज चढला नाही. तीही दमलेलीच दिसत होती. "भविष्यातल्या गोष्टी वाचत मी मोठी झाले. त्यांत आम्ही नसायचोच. असलो, तर कुणीतरी थोडं उजळवून आत घ्यायचं. माझी आत्या गेल्या वर्षी गेली. ती तरी तिच्या रंगात तिथे पोचू दे."

दुपारभर दोघी बसल्या. विनीताने कातडीला हात न लावता मागचं आकाश फिकं केलं, गालाच्या हाडावर निळसर उजेड ठेवला. नवा नमुना आला तेव्हा एफुआने तो उजेडात धरला. मग आत्याच्या कपाळावर बोट टेकवून म्हणाली, "आली."

घरी आल्यावर विनीता चपला न काढताच भिंतीवरच्या फोटोसमोर उभी राहिली. चंदनाचा हार घातलेली आई, गोरीपान. आई फोटो म्हटलं की मागे सरायची, त्यामुळे हा एवढाच. ती गेल्यावर मिरजेहून बहिणीकडून त्याचा स्कॅन मागवून विनीतानेच तो साफ केला होता. मूळ फाइल जपून ठेवायची, असं नवख्यांना बजावणाऱ्या विनीताने त्या वेळी मात्र त्याच फाइलवर काम उरकलं होतं. तिने बहिणीला फोन लावला.

"विमलताई, आईचा जुना फोटो आहे ना गं तुझ्याकडे?"

"तो डागाळलेला? तुझा आला तेव्हाच टाकून दिला. काय सुंदर दिसते गं तुझ्या फोटोत! का, काय झालं?"

"काही नाही. सहज."

तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि चेहरा गडद करू लागली. तो आधी राखाडी झाला, मग मातकट. आईचा रंग काही डोळ्यांपुढे येईना. रंग ओळखण्यावरच जिचं पोट, तिला आईचा रंग आठवू नये, याचं तिला रडू आलं. मग मावश्यांचं बोलणं आठवलं, 'नाक बापाचं, रंग तेवढा आईचा घेतला हो पोरीने.' तेव्हा ती किती हिरमुसायची. तिने बाही वर सारली, हात पडद्याशी धरला आणि त्यावरून रंग जुळवायला घेतला.

तिची लेक अनघा पाणी प्यायला बाहेर आली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मा, युअर फोटो आह?"

"आजी आहे."

"बट आजी सो फेअर व्हॉट."

"नव्हती," विनीता म्हणाली. "मी केली होती. तेवढा दिवा लाव गं."

अनघाने दिवा लावला. विनीताने हात पुन्हा पडद्याशी नेला.